दम्याच्या रुग्णाला अंगदुखीवर कोणती गोळी द्यावी?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ५४ असून त्यांना दहा वर्षांपासून दमा आहे. पंप नियमित घेतात. मागच्या आठवड्यात कापूस वेचून आल्यावर कंबर धरली म्हणून त्यांनी किराणा दुकानातून सुटी गोळी आणून घेतली आणि तासाभरात नाक वाहू लागले, डोळे लाल झाले व छाती इतकी भरली की रात्रीच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन वाफ द्यावी लागली. पट्टी कापून दिल्यामुळे तिच्यावर फक्त ‘…फेनॅक’ एवढीच अक्षरे उरली आहेत. आता त्यांना दुखण्यावर काय द्यावे? पॅरासिटामॉलनेही दमा होतो असे ऐकल्यापासून सहा वर्षांच्या मुलीला तापात ते द्यायलाही भीती वाटते.

उत्तर (वणी, औषध दुकान चालवतो)

ताई, तो पट्टीचा तुकडा फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. डायक्लोफेनॅक असो वा असेक्लोफेनॅक, दोन्ही ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन यांच्याच कुळातली औषधे आहेत. ती शरीरातील कॉक्स-१ हे विकर अडवतात; काही रुग्णांमध्ये त्यामुळे श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्राइन ही रसायने एकदम वाढतात आणि अर्ध्या ते तीन तासांत धाप लागते. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के, तर तीव्र दमा असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना हा त्रास असतो. ज्याला एका गोळीने झाला त्याला या कुळातल्या दुसऱ्या गोळीनेही होऊ शकतो, म्हणून नावे पाहा: डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन असते, कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असते. आपल्याकडे अंगदुखीला ‘सुई मारून द्या’ असे सर्रास म्हटले जाते आणि त्या सुईत बरेचदा डायक्लोफेनॅकच असते, तेव्हा दंड पुढे करण्याआधी दम्याची व या प्रसंगाची गोष्ट सांगायलाच हवी.

अशा बहुतेक रुग्णांना ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल सोसते, मात्र एका वेळी १००० मि.ग्रॅ. घेतल्यास काहींना त्रास होतो. पहिली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी. वडिलांचे नाक कायम चोंदलेले असते का? वास येतो का? दमा, नाकातील मांसल वाढ आणि ॲस्पिरिनचा त्रास ही तिन्ही एकत्र आढळतात, हे १९२२ मध्ये फ्रान्समध्ये नोंदले गेले होते.

उत्तर (अचलपूर, परिचारिका)

मुलीपुरते लिहिते. २००८ मध्ये ३१ देशांतील दोन लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत, पहिल्या वर्षी पॅरासिटामॉल दिलेल्या मुलांमध्ये सहा-सात वर्षांच्या वयात दमा अधिक दिसला होता. परंतु ज्या बाळाला वारंवार छातीचा संसर्ग होतो त्यालाच ताप येतो आणि त्यालाच हे औषध मिळते. दोष औषधाचा की संसर्गाचा, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पुढे २०१६ मध्ये सौम्य दमा असलेल्या १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांवर प्रत्यक्ष चाचणी झाली, तेव्हा पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घेणाऱ्या गटांत दमा उसळण्याचे प्रमाण सारखेच निघाले. तापात वजनाप्रमाणे मात्रा विचारून निर्धास्त द्या. तापाने फणफणलेल्या लेकराला औषधावाचून ठेवू नये.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले की तीन वर्षांपासून त्यांना फोडणीचाही वास येत नाही. आम्ही ते वयाचे समजत होतो. सोमवारी यवतमाळला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातो आहोत आणि तो पट्टीचा तुकडा वहीत चिकटवून सोबत नेते आहे.