मनोविकार क्षेत्रात काम करण्यासाठी एम.एस.डब्ल्यू.ला कोणते विशेषीकरण घ्यावे?

मी मराठवाड्यातील एका शासकीय विद्यापीठात एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) प्रथम वर्षाला असून, पुढील सत्रापूर्वी विशेषीकरण निवडायचे आहे. आमच्या विभागात समुदाय विकास आणि कुटुंब व बालकल्याण हे दोनच पर्याय आहेत; वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य शिकवले जात नाही. मला मात्र तेच काम करायचे आहे. आठवड्यातील दोन दिवसांचे क्षेत्रकार्य मी शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात करते. गोळ्या सुरू झाल्यावर रुग्णाला घरी कसे सांभाळायचे, हे नातेवाईक केसपेपर हातात धरून विचारत राहतात आणि तिथे त्यांच्याशी निवांत बोलायला कोणी नसते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या मी वाचली आहे. त्यात समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीसोबत मनोविकार समाजकार्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अपेक्षित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद करताना या अभ्यासक्रमाला 2025-26 पर्यंतच मुदतवाढ दिली होती. विभागातील प्राध्यापकांशी बोलले, पण नेमके उत्तर मिळाले नाही. घरच्या जबाबदारीमुळे विद्यापीठ बदलणे शक्य नाही. पदवीनंतर दोन वर्षे बाहेरगावी राहण्याची तयारी आहे.

या क्षेत्रात शिकलेल्या वा काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे: उपलब्ध दोन पर्यायांपैकी कोणता घेतल्यास मनोविकार समाजकार्याच्या पुढील प्रशिक्षणासाठी आणि शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) पदासाठी पात्रतेची अडचण येणार नाही, आणि एम.फिल.ऐवजी सध्या कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरला जातो?