मागच्या गल्लीची भिंत

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या गल्लीतल्या परमिट रूमच्या शेटने सोसायटीला पत्र दिलं आहे. त्यांच्या दारासमोर आपली कंपाउंडची भिंत येते, ६० फूट लांब, ७ फूट उंच. तिच्यावर बाहेरच्या अंगाने जळगावातल्याच कलाकारांकडून चित्र काढून घ्यायची त्यांची इच्छा आहे. रंग, शिडी, मजुरी सगळं त्यांचं. कलाकारांना चौरस फुटाला ४० रुपये. बारचं नाव कुठेही येणार नाही. अट एकच, चित्राखाली काढणाऱ्यांची नावं राहतील आणि ती आपण पुसायची नाहीत. रविवारपर्यंत मतं कळवा. ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनीही कळवलं तरी चालेल.

काकू (बी-२०१): आधी ती भिंत धुऊन घ्या म्हणावं. रात्री अकरानंतर तिथे कोण काय करतं ते माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. गेल्या वर्षी आपण देवाच्या फरशा लावल्या ना? आता फरशीपासून दोन हात सोडून उभे राहतात.

भाऊ (ए-२०४): शेट माणूस चांगला आहे. आतसुद्धा पोरांची चित्रं लावली आहेत त्याने. प्रत्येक चित्राखाली किंमत आणि पोराचा नंबर. स्वतः मधे एक रुपया घेत नाही. गल्ल्याच्या मागे तापी-पूर्णेच्या संगमाचं मोठं चित्र आहे, एक नंबर.

काकू (बी-२०१): तुम्हाला आतलं एवढं कसं माहीत भाऊ?

भाऊ (ए-२०४): पार्सल आणायला गेलो होतो.

वहिनी (ए-२०४): कोणतं पार्सल?

जिभाऊ (बी-१०२): 😂

जिभाऊ (बी-१०२): माझ्याकडून हो. भिंत मन्हा खिडकीसमोर शे. दहा वर्षं झाली, त्या हिरव्या शेवाळाकडे पाहत चहा पितोय.

माई (ए-३०२): माझा विरोध लिहून घ्या. बारवाल्याच्या पैशाने सोसायटीची भिंत रंगवायची नाही.

वकीलसाहेब (बी-३०४): कायद्याचं सांगतो, म्हणजे निदान तेवढ्यावर वाद नको. दारूची जाहिरात आपल्याकडे चालत नाही, त्यामुळे नाव, बाटली, ग्लास, फेस, काहीच नको. मालमत्तेच्या विद्रूपणाचा कायदा १९९५ चा आहे. भिंत आपली, तेव्हा लेखी संमती आपली लागेल, आणि परवानगी लागते का ते महापालिकेला अर्ज देऊन लेखी विचारून घ्यावं.

सेक्रेटरी (ए-१०१): एनओसीचं काय? उद्या हेच पत्र दाखवून म्हणतील, सोसायटीची हरकत नाही.

वकीलसाहेब (बी-३०४): सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं असेल तर सोसायटीची एनओसी लागेल असं मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं, ते वेगळं. हा परमिट रूम आपल्या आवारात नाही आणि आपल्या बिल्डिंगच्या आधीपासून आहे. खरं तर आपण त्याच्या समोर राहायला आलो.

काकू (बी-२०१): बिल्डरने दाखवला नव्हता तो. त्या बाजूला त्याने फ्लेक्स लावला होता, झाडांचा.

सी-१०३: नमस्कार, मी मम्मीच्या फोनवरून लिहितेय. मी आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुंबईत ससून डॉकला २०१७ मध्ये असं मोठं काम झालं, कोळणींच्या जागेतच. दिल्लीत लोधी कॉलनीच्या सरकारी क्वार्टरच्या भिंतींवर पन्नासच्या वर चित्रं आहेत, लोक तिकडे मुद्दाम बघायला जातात. वांद्र्याला टेलिफोनच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आहेत, २०१४ चे. ते काढणारे रणजित दहिया सुरुवातीला घरांना चुना मारायचे. आमच्या वर्गातली चार मुलं या भिंतीवर काम करणार आहेत. आमचं हे पहिलं पैसे मिळणारं काम आहे. प्लीज नाही म्हणू नका.

माई (ए-३०२): बेटा, तुझ्यावर राग नाही. तू बारमध्ये जाऊन ठरवून आलीस का हे?

सी-१०३: नाही माई, शेट आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनाला आले होते. तीन दिवसांत बाहेरचे तेवढेच आले होते.

नाना (सी-२०१): मी थोडं बोलू का? चाळीसगावला केकी मूस होऊन गेले, १९१२ ते १९८९. टेबलावर मांडणी करून असे फोटो काढत की खरं दृश्य वाटावं. जगभर नाव. स्टेशनजवळच त्यांचं घर. रेल्वेने शंभर वेळा चाळीसगाव ओलांडलं असेल प्रत्येकाने. ग्रुपवर एकशे बारा माणसं आहेत, त्यातले कितीजण त्या घरात गेलात? मी विचारतोय, टोमणा नाही.

जिभाऊ (बी-१०२): टोमणाच शे नाना.

नाना (सी-२०१): बरं, टोमणा. आता अजिंठा घ्या. जळगावहून साठेक किलोमीटर. सोळावं लेणं वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने कोरवलं, शिलालेख आहे. त्याने पैसा कुठून आणला, कोणाच्या करातून, हे विचारत कोणी आत शिरतं का? चित्र राहतं.

माई (ए-३०२): वराहदेवाने दारू विकल्याचं शिलालेखात कुठे आहे नाना?

नाना (सी-२०१): नाही. पण पहिल्या लेण्याच्या छताकडे वर बघा कधी. परदेशी टोपीवाला एक गृहस्थ पेला घेऊन ऐटीत बसलाय. तेही भिक्षूंच्या विहारात.

माई (ए-३०२): तुम्ही शिकवायला बसलात की मी हरते, हे मान्य. पण ऐका. माझ्या माहेरी बाटलीचं मतदान झालं होतं. आम्ही बायका उन्हात रांगेत उभ्या राहिलो, बाटली आडवी केली. दुकान बंद झालं, गुलाल उडाला. माझा भाऊ दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या गावी जाऊन प्यायला लागला. एकेचाळिसाव्या वर्षी गेला. मतदानाने काही झालं नाही, हे मला तुमच्या आधी कळलंय. तरी त्या पैशाचा रंग माझ्या घराच्या भिंतीला नको. भिंतीला कळणार नाही, मला कळेल.

(यानंतर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

बी-४०१: मोटार कोणी चालू केली आहे? टाकी भरून वाहतेय. वाघूरचं पाणी फुकट येत नाही.

सेक्रेटरी (ए-१०१): बंद केली. विषयावर या. चित्र कशाचं हेही ठरवावं लागेल. अजून संमती झालेली नाही, पण विचार व्हावा.

काकू (बी-२०१): बहिणाबाई काढा. आसोदा इथून हाकेच्या अंतरावर.

भाऊ (ए-२०४): बहिणाबाई सगळीकडे आहेत हो. जिथे भिंत दिसली तिथे जातं आणि बहिणाबाई. केळी काढा.

बी-४०१: केळी तर टेम्पोवर पण असतात.

वहिनी (ए-२०४): कानबाई काढा. श्रावणातला रविवार, रोट, घराला नवा रंग दिलेला. आमच्याकडे कानबाई येणार म्हटलं की पहिलं काम भिंतीचंच.

काकू (बी-२०१): कानबाई नको. समोर बार आहे. त्या फरशांचं काय झालं ते सांगितलं ना मी.

सी-१०३: आम्ही भरीत पार्टीचं स्केच केलंय. हिवाळ्यातलं शेत, मधे पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवी वांगी भाजताहेत, बाजूला बडगी घेऊन एकजण ठेचतोय, बायका पुऱ्या लाटताहेत, कळण्याच्या भाकरी. साठ फूट लांबीला पंगत बरोबर बसते.

भाऊ (ए-२०४): हे काढा. डोळे मिटून हो.

वकीलसाहेब (बी-३०४): भरीत पार्टीत झाडामागे दोघे उभे असतात, ते काढू नका म्हणजे झालं.

वहिनी (ए-२०४): ते दोघे कोण, हे चेहरे न काढताही कळेल.

आप्पा (सी-००२): नमस्कार मंडळी. मी ग्रुपवर कधी लिहीत नाही, नातवाकडून मराठी टायपिंग लावून घेतलं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. मी ३४ वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानाच्या, ट्रकच्या, टुरिंग टॉकीजच्या, निवडणुकीच्या. भिंतीवर सूत मारून खडूने अक्षरं आखायची आणि मग ब्रश न उचलता एका दमात ओढायची. २००५ नंतर फ्लेक्स आला. सहा महिन्यांचं काम सहा मिनिटांत बाहेर पडायला लागलं. चांगली चांगली गिऱ्हाइकं, ज्यांच्या दुकानाचं नाव मी रंगवलं होतं, त्यांनी माझ्याच पाटीवर फ्लेक्स ठोकला. वाईट वाटून घेत नाही, त्यांना स्वस्त पडलं. या शेटने मात्र बोर्ड माझ्याकडूनच करून घेतला. दर दोन वर्षांनी उन्हाने लाल रंग उडतो, दर दोन वर्षांनी बोलावतो. आतली मेन्यूची फळी पण माझ्या हातची. माझे हात थरथरायला लागले तेव्हा मीच म्हणालो की नवीन पोराला द्या, तर म्हणाला, पोराला शिकवा, दोघांचे पैसे देतो. मी दारू पीत नाही. माळकरी आहे. त्याच्या गल्ल्यासमोर बसून चहा पितो. माईंचं दुःख मोठं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. फक्त एक सांगतो. या सोसायटीत मी एकोणीस वर्षं राहतो. गणपतीत दर वर्षी शुभेच्छांचा फ्लेक्स लागतो, चौदा जणांच्या फोटोंचा. एकदाही कोणी विचारलं नाही की आप्पा, तुम्ही लिहाल का.

जिभाऊ (बी-१०२): आप्पा 🙏

सेक्रेटरी (ए-१०१): आप्पा, खरंच लक्षात आलं नाही. माफी.

आप्पा (सी-००२): माफी कसली. यंदा विचारा.

माई (ए-३०२): आप्पा, चुकलं आमचं. मग मी असं म्हणते. चित्र होऊ द्या. पोरांनी काढावं, आप्पांनी शिकवावं. पैसे सोसायटीने द्यावेत, बारने नाही. सेक्रेटरी, ६० गुणिले ७ म्हणजे ४२० चौरस फूट. ४० रुपयांनी १६,८००. आपले फ्लॅट ४८. घरटी ३५०. दोन पिझ्झ्यांचे पण नाहीत. माझे ३५० आता पाठवते.

सेक्रेटरी (ए-१०१): उत्तम सूचना. ज्यांना मान्य आहे त्यांनी आज रात्री दहापर्यंत पाठवावेत.

(दुपारी चार. सेक्रेटरींच्या मेसेजवर निळ्या खुणा एकशे सहा.)

बी-४०१: लिफ्टचं एएमसी पण याच महिन्यात आहे ना?

ए-४०३: आम्ही भाडेकरू आहोत, मालकांना विचारून सांगतो.

भाऊ (ए-२०४): मी तर म्हणतो शेट देतोय तर घ्यावं.

वहिनी (ए-२०४): आमचे ३५० पाठवले. पार्सलच्या पैशातून.

सेक्रेटरी (ए-१०१): रात्रीचे दहा वाजले. जमा: माई, जिभाऊ, नाना, वकीलसाहेब, काकू, ए-२०४, सी-१०३, आप्पा आणि मी. नऊ घरं, ३,१५० रुपये. आप्पा, तुम्ही पैसे द्यायचे नव्हते, तुम्हाला घ्यायचे आहेत.

आप्पा (सी-००२): राहू द्या. सभासद म्हणून दिले, पेंटर म्हणून घेईन.

नाना (सी-२०१): सकाळपासून ज्यांनी पैसा कुठला, पैसा कसला यावर 👍 टाकले, त्यांची यादी माझ्याकडे आहे. टाकत नाही.

माई (ए-३०२): नाना, राहू द्या. मला जे दिसायचं ते दिसलं. आप्पा, ३,१५० मध्ये किती भिंत होते?

आप्पा (सी-००२): ४० ने भागलं तर ७८ चौरस फूट. सात फूट उंची धरली तर फाटकापासून अकरा फूट.

माई (ए-३०२): मग फाटकापासून अकरा फूट आपले. पुढे शेटचे, मी हरकत मागे घेते. पण कुठवर आपलं आणि कुठून त्याचं, ते भिंतीवर कळलं पाहिजे. रेघ मारा.

सी-१०३: माई, रेघ मारली तर चित्र तुटेल.

आप्पा (सी-००२): रेघ नको. अकराव्या फुटावर निंबाचं झाड उभं करतो. वरपासून खालपर्यंत खोड. माईंना कळेल, बाकी कोणाला कळायची गरज नाही.

माई (ए-३०२): चालेल. झाडामागे कोणी उभं राहायचं नाही.

काकू (बी-२०१): आणि रात्रीचं ते? चित्रावर पण उभे राहिले तर?

भाऊ (ए-२०४): शेटने मागच्या बाजूला मुतारी बांधायला घेतली आहे. फरशा पण आल्या आहेत.

काकू (बी-२०१): पार्सल घ्यायला गेला होतात का परत?

आप्पा (सी-००२): कामाचं बोलतो. भिंतीत ओल आहे, तळाचं प्लास्टर दोन फुटांपर्यंत फुगलंय. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडून, धुऊन चार दिवस सुकू द्यायची. मग प्रायमर, मग बाहेरच्या कामाचं इमल्शन. घाई केली तर पहिल्या पावसात वांगी गळून पडतील. भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे, नवानंतर हात लावता येत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला सुरुवात. पोरांनी जुने कपडे घालून यावं. माझ्या गुडघ्यांनी शिडी होत नाही, मी खाली खुर्ची टाकून बसेन.

सी-१०३: येतो आम्ही आप्पा. नावं कुठे लिहायची?

आप्पा (सी-००२): उजव्या कोपऱ्यात, खाली. चार बोटं उंचीची. लहान करू नका, आम्ही लहान करत आलो.

जिभाऊ (बी-१०२): शिडी कोणापाशी शे? मागल्या दिवाळीले मन्ही नेली ती कोणी परत दिन्ही नही.

बी-४०१: आमच्या बाल्कनीत आहे. रविवारी देतो. ३५० पण तेव्हाच देतो.

आप्पा (सी-००२): म्हणजे पावणेनऊ चौरस फूट वाढले. झाड सरकवतो.