टेंपे आधी वाफवून घ्या

टेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली घट्ट वडी. 'टेंपे कडवट लागतो, मसाला मुरत नाही आणि व्यायामाच्या दिवशी करायला वेळच नसतो' अशी तक्रार माझीही होती. पहिल्यांदा पनीर समजून थेट तव्यावर टाकला. वरून करपला, आत कोरडा ठणठणीत.

आता तुकडे आधी दहा मिनिटं वाफवते. कडवटपणा बराच जातो. गरम असतानाच मीठ घातलेल्या चिंच-गुळाच्या पाण्यात टाकायचे, म्हणजे चव आत शिरते. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळायला जाते. परत आल्यावर वाटणघाटण कोण करणार? म्हणून रविवारीच वाफवून पाण्यासकट डबा फ्रीजमध्ये. बुधवारपर्यंत संपवते. सकाळी चमचाभर तेलावर परतून, गोडा मसाला भुरभुरून पोळीत गुंडाळला की झालं. 100 ग्रॅममध्ये साधारण 19-20 ग्रॅम प्रथिनं मिळतात.

टेंपे घरी लावणार असाल तर सोयाबीनची सालं काढा, शिजवल्यावर दाणे अगदी कोरडे करा, मगच टेंपेचं विरजण (दह्याचं नव्हे, टेंपेच्या बुरशीचं) लावा. 30 अंशांच्या आसपास दीड-दोन दिवस लागतात. डिसेंबरात माझी खेप ढिम्म बसून राहिली. शेवटी ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवली, तेव्हा कुठे पांढरी बुरशी धरली. (सासूबाई म्हणाल्या, "बुरा आलेलं आपण टाकून देतो गं!") करडे-काळे डाग चालतात. गुलाबी छटा किंवा बुळबुळीतपणा दिसला तर मात्र सरळ फेकून द्या.