आईसाठी टेलर ब्रेस की एलएस बेल्ट?

तासगावची_लेक: आई न्हाणीत घसरून पडली, डी-१२ मणका (पाठीचा शेवटचा, कंबरेच्या लगेच वरचा) दबलाय. मिरजेच्या डॉक्टरांनी टेलर ब्रेस लिहून दिलाय पण इथला दुकानदार म्हणतो एलएस बेल्ट घ्या, एकच आहे, स्वस्तात बसतं. खरं का?

विश्रामबाग_वाला: एकच कसं असेल ओ ताई. एलएस बेल्ट फक्त कंबरेला, डी-१२ त्याच्या वर येतो. टेलर ब्रेसला पाठीवर दोन उभ्या पट्ट्या आणि खांद्यावरून पट्टे असतात, त्यानं पुढं वाकणंच अडतं, आणि दबलेल्या मणक्याला तेच तर पाहिजे. लिहून दिलंय तेच घ्या.

मिरजकर_फिजिओ: बरोबर. आणि घालताना बसवून घालू नका, आडवं असतानाच कुशीवर वळवायचं, खांदा आणि कंबर एकदम, मग पाठीखाली सरकवायचा. आत सुती बनियन, नाहीतर काखेत काचतं. किती दिवस घालायचा ते डॉक्टरच सांगतील, उगाच महिनोन्महिने घातला तर पाठीचे स्नायू ढिले पडतात.

तासगावची_लेक: बरं झालं विचारलं. पण आई लुगडं नेसते, त्यावरून चालेल का?

मिरजकर_फिजिओ: ओच्याची गाठ पट्ट्याखाली रुतते हो. काही दिवस गाऊनच घाला, कुरकुरतील जरा.