ओढ्यावरच्या हिरव्या टाचण्या दिसेनाशा झाल्या, मदत हवी आहे

ओढ्याकाठी: घराखालच्या ओढ्यावर हिरव्या टाचण्या (चतुरासारखे सडपातळ किडे) दरवर्षी असतात. यंदा एकही नाही. आठ दिवस रोज सकाळी जाऊन बसतोय. काय झालं असेल? परत येतील का? लवकर सांगा.

पाणकणीस: कोकण की घाटमाथा? हिरवं काय, अंग की पंख?

ओढ्याकाठी: कोकण. बसल्यावर पंख काळपट, उडाली की मागचे पंख हिरवेगार चमकतात, कधी निळे. मादीचे तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके.

पाणकणीस: मग स्ट्रीम ग्लोरी, न्यूरोबेसिस चायनेन्सिस. तिला वाहतंच पाणी लागतं.

चकवा: चतुर असेल हो. आमच्या शेतावर थवेच्या थवे असतात.

पाणकणीस: चतुर बसला तरी पंख पसरलेले असतात. ही पाठीवर मिटून बसते.

भातखाचर: वरच्या बागेत मोहोराची फवारणी झाली असणार. जानेवारीत दुसरं काय!

ओढ्याकाठी: वर बाग नाही, जंगल आहे. पाणीही भरपूर, बंधाऱ्यामुळे गुडघाभर तुंबलंय.

पाणकणीस: कुठला बंधारा? हे आधी सांगायचं ना!

ओढ्याकाठी: वनराई बंधारा. नोव्हेंबरात श्रमदानाने पोती रचली. त्याचा काय संबंध?

पाणकणीस: तोच तर संबंध. ही मादी पाण्याखाली उतरून बुडालेल्या मुळांत, पाणवनस्पतींत अंडी घालते. पाणी थांबलं की त्यावर गाळ बसतो. पिल्लं कल्ल्यांनी श्वास घेतात, साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी. तिथे पिवळ्या टाचण्या दिसतात का?

ओढ्याकाठी: हो! काठच्या गवतावर बऱ्याच.

पाणकणीस: सेरियाग्रिऑन कोरोमंडेलियानम असेल. ती डबक्यात, तळ्यात वाढते.

भातखाचर: म्हणून बंधारे फोडायचे? आमच्या वाडीच्या विहिरीला त्या पोत्यांमुळे उन्हाळ्यात पाणी टिकतं. बायकांची पायपीट थांबली.

पाणकणीस: फोडा असं कुठे म्हटलं मी?

नळपाणी: साचलेल्या पाण्यात डास होतील. गप्पी मासे सोडा.

पाणकणीस: कृपा करून ओढ्यात गप्पी सोडू नका. ते टाचण्यांची पिल्लंही खातात, आणि डासांच्या अळ्या तर ती पिल्लंच खातात. ओढ्याकाठी, फुगवट्याच्या वर जाऊन पाहिलंत का?

ओढ्याकाठी: नाही, वाट नाही तिकडे. उद्या कोयता घेऊन जातो.

ओढ्याकाठी: सापडल्या! वरच्या खडकाळ वळणावर, उन्हाच्या कवडशात तीन नर, एक मादी. बंधाऱ्याखालचा ओढा मात्र पार आटलाय. एखादं पोतं काढलं तर तिथे धार राहील. गावात विचारतो.

भातखाचर: मधलं, वरच्या थरातलं काढा. बुडातलं हलवू नका, सगळा बांध बसेल.