पिशव्यांच्या आधी हिमोग्लोबिन बघा

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रक्ताच्या किती पिशव्या तयार ठेवायच्या, असं इथे एकांनी विचारलंय. त्याआधी हिमोग्लोबिन किती आहे ते बघा.

गुडघ्याच्याच ऑपरेशनआधी माझ्या आईचं ९.६ होतं. पहिल्या डॉक्टरांनी 'दोन पिशव्यांची सोय करा' एवढंच सांगितलं. नागपुरात धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी लोह कमी आहे हे शोधलं, शिरेतून लोह दिलं आणि १२ च्या वर गेल्यावरच तारीख दिली. एकही पिशवी लागली नाही.

रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडबद्दलही नक्की विचारा. उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने जपानमध्ये १९६२ साली पुढे आणलेलं हे औषध. जखमेवर धरलेली गुठळी शरीर विरघळवायला लागतं, ते हे औषध रोखतं. गुडघ्यात हे महत्त्वाचं, कारण बरंच रक्त ऑपरेशननंतर आतल्या आत झिरपतं, ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत) दिसतच नाही. चौथ्या दिवशी आईची मांडी मागून वांग्यासारखी जांभळी झाली होती, मी घाबरलेच होते. तेच झिरपलेलं रक्त. बाबांना आधी कधी रक्तवाहिनीत गुठळी, फिट किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र आधीच सांगा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट असेल तर मुळीच नाही.

आणि आपण विदर्भातले, तेव्हा सिकलसेलची (आपल्याकडे बऱ्याच घरांत आढळणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झालीच पाहिजे. ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबवायला मांडीला पट्टा आवळला की पायातला ऑक्सिजन घटतो आणि सिकलच्या पेशी त्यातच वाकड्या होतात. घरात कुणाला असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगा.