कार इंटिरिअरसाठी छोटं एक्स्ट्रॅक्टर मशीन घ्यायचंय, नक्की काय बघून घ्यावं?

चकाचक_वाकड

नमस्कार मंडळी. वाकड-हिंजवडी पट्ट्यात घरपोच कार वॉशचं काम करतो, मी आणि एक पोरगा, एक जुनी ओम्नी, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम एवढाच पसारा. हल्ली बाहेरून गाडी धुऊन झाली की सोसायटीतली माणसं लगेच विचारतात, आतून ड्रायक्लीन करता का? आत्ता फोम मारून, ब्रश फिरवून मायक्रोफायबरने पुसून देतो, पण कापडी सीटवर त्याने निम्मी घाण वर येते आणि निम्मी सीटच्या आतल्या फोममध्येच बसते, गाडी वाळली की चहाचा डाग परत हजर. म्हणून पाणी मारून लगेच ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्टर घ्यायचा विचार आहे.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, कार्चरचं पुझी ८/१, डीलरकडे जाऊन बघून आलोय. दोन, ऑनलाइन मिळणारी सोफा-कार्पेट क्लीनिंगची मशीनं, फोटोत सगळी सारखीच दिसतात आणि वॅटचे आकडे बघून डोळे फिरतात. तीन, मावसभाऊ अमेरिकेतून डिसेंबरात येतोय, तो म्हणतो बिसेलचं लिटल ग्रीन आणतो, तिकडे स्वस्त आहे. बजेट पन्नास हजार, अगदीच वाटलं तर थोडं ताणेन. पाणी गरम करणारा हीटर असलेलं घ्यावं का हाही प्रश्न आहे. काम बहुतेक बेसमेंट पार्किंगमध्ये, प्लग मिळेल तिथे. जाणकारांनी सांगा राव, एकदाच पैसे घालायचेत.

रंकाळा_डिटेलिंग

भावा, पहिली गोष्ट, मशीन पाणी किती जोरात मारतं हे बघत बसू नकोस, पाणी परत किती ओढतं ते बघ. कस्टमरला संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर जायचं असतंय, सीट पिचपिचीत राहिली आणि सकाळी कुबट वास आला की तुझं काम कितीबी भारी असू दे, फोन येणारच. पाणी मारायला दोनशे रुपयांचा स्प्रे पंपबी चालतोय, ओढायला मात्र मशीनच लागतं.

आता आकडे. कंपनीच्या कागदावर दोन गोष्टी असतात, व्हॅक्यूम म्हणजे ओढायचा जोर किती मिलीबार आणि हवा सेकंदाला किती लिटर. पुझी ८/१ ला साधारण २३० मिलीबार आणि ६१ लिटर दिलंय, मोटर १२०० वॅटची. अमेरिकन व्हिडिओत हाच जोर वॉटर लिफ्ट म्हणून इंचात सांगतात, एक इंच म्हणजे अडीच मिलीबार धर, म्हणजे हे ९२ इंच झाले. मिलीबारचा आकडा पाइपचं तोंड बंद करून मोजलेला असतो, आणि सीटवर काम करताना तोंड कधीच पूर्ण बंद नसतं, त्यामुळे हवेचा आकडाबी तेवढाच बघायचा. ज्या मशीनवर नुसते वॅट छापलेत आणि हे दोन आकडे कुठंच नाहीत, ते मी तरी घेणार नाही. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं एवढंच.

दुसरं, हातातलं नोझल. तोंड पारदर्शक पाहिजे म्हणजे पाइपात काय चाललंय ते दिसतंय. पहिल्या ओढीला गढूळ चहा, मग फिकट, मग नुसते बुडबुडे, मग काहीच नाही. काहीच दिसेना झालं की थांबायचं. एकदा ट्रिगर दाबून ओढायचं, मग ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावरनं दोन-तीनदा कोरडं ओढायचं, आणि सावकाश, घाई केली की पाणी आतच राहतंय. रुंदी दहा-अकरा सेंटीमीटरच्या आसपास बरी, घराच्या कार्पेटचं मोठं तोंड घेतलंस तर सीटच्या कडेला आणि ब्रेकपेडलच्या मागं घुसत नाही.

टाकी आठ लिटर स्वच्छ, सात लिटर घाण, एका हॅचबॅकच्या सीटांना पुरतंय, खालचं मॅटिंगबी करायचं असेल तर मधे एकदा रिकामी करायची. वजन मोकळं दहा किलोच्या आसपास.

एडिसनकर

तिसऱ्या पर्यायाबद्दल मी बोलतो कारण लिटल ग्रीन माझ्याकडे आहे, न्यू जर्सीत राहतो. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटाला लागून गाडीच्या कार्पेटवर पांढरे चट्टे पडतात, त्यासाठी घेतलं होतं आणि त्या कामाला झकास आहे. पण ते घरगुती खेळणं आहे हो. टाकी दीड लिटरसुद्धा भरत नाही. तुम्ही दिवसाला दोन गाड्या करणार असाल तर टाकी भरण्या-ओतण्यातच कमरेचा काटा ढिला होईल.

आणि मुख्य म्हणजे ते १२० व्होल्टवर चालतं. भारतातल्या प्लगमध्ये नुसता अडॅप्टर लावून खुपसलंत तर गेलं कामातून. मावसभावाला म्हणावं चॉकलेटं आण.

वायरमन_ठाणे

एडिसनकर बरोबर बोलले. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलायला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. छोट्या मशीनला तो परवडेल, पण अमेरिकेतलं मोठं हीटरवालं मशीन आणलं तर हजार-दीड हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर घेऊन फिरावं लागेल, तो उचलायला दुसरा पोरगा ठेवा. शिवाय तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ब्रशवाल्या मोटरला त्याने फारसं काही होत नाही, पण काही पंप ५० वर कमी जोर देतात. वॉरंटी तर सोडूनच द्या.

हीटरचं म्हणाल तर पार्किंगमध्ये बहुतेक ठिकाणी ६ अँपिअरचा पॉइंट असतो. १२०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पाच अँपिअरच्या वर, म्हणजे त्या पॉइंटच्या काठावरच आहात, त्यात पोराने प्रेशर वॉशर त्याच बोर्डावर लावला की ट्रिप, आणि मग सेक्रेटरी खाली येतात. हीटरवालं असेल तर १६ अँपिअरचा पॉइंट शोधत फिरा. एक्स्टेंशन वायर तीन कोअरची, अर्थिंगसकट, निदान दीड स्क्वेअर एमएमची, लांब असेल तर अडीचची. रीळ पूर्ण उलगडून वापरायचं, गुंडाळलेलं रीळ लोडवर तापतं. आणि ओल्या फरशीवर काम आहे तेव्हा एक पोर्टेबल आरसीसीबी (करंट लीक झाला की लगेच वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड जवळ ठेवाच, मशीनच्या किमतीपुढे त्याचे पैसे काहीच नाहीत.

जुगाडू_नागपूर

सगळे पुझी पुझी करून राहिले, पण सुरुवात करणाऱ्या माणसाने एवढे पैसे कायले घालायचे? चांगलं वेट-ड्राय, म्हणजे ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं व्हॅक्यूम घ्या, कागदावर ते पण २००-२१० मिलीबार दाखवतात. त्याले पारदर्शक तोंडाचं एक्स्ट्रॅक्शन नोझल वेगळं मिळते, पाइपाच्या मापाचं बघून लावा, पाणी हातपंपाने मारा. माझं काम यावरच चालू आहे. टाकी वीस लिटरची, मध्ये ओतायची भानगड नाही. गाडीत वाळू-कचरा आधी कोरडा ओढायचा असतेच, ते पण यातच होते. एक्स्ट्रॅक्टर घेतला तरी व्हॅक्यूम वेगळं ठेवावंच लागते ना भाऊ.

फक्त ओलं ओढताना कागदी फिल्टर आणि कापडी पिशवी काढून स्पंजचं फिल्टर चढवा. आणि फेस सांभाळा. टाकी भरली की आतला फ्लोट पाण्याने वर उचलला जाऊन हवा बंद करते, पण फेसाने तो फ्लोट उचलला जात नाही, फेस सरळ मोटरमध्ये. म्हणून घाण पाण्याच्या टाकीत आधीच थोडं डिफोमर, म्हणजे फेस मारणारं केमिकल टाकून ठेवायचं.

रंकाळा_डिटेलिंग

नागपूरकर, तुमचा जुगाड चुकीचा नाही, महिन्याला चार-पाच इंटिरिअर असतील तर मीबी तेच सांगेन. पण दोन हातांचा हिशोब बघा. एका हातात पंप, एका हातात नोझल, सीट मागंपुढं करायला तिसरा हात कुठनं आणायचा? एक्स्ट्रॅक्टरला स्प्रे आणि ओढणी एकाच दांड्यावर असतंय, पाणी पडलं की चार बोटांवर लगेच उचललं जातंय, खाली फोमात झिरपायला सवड मिळत नाही. रोजचं काम असेल तर फरक तिथंच पडतो, आकड्यात नाही.

फेसाचं मात्र शंभर टक्के खरं. लोकं शाम्पू टाकीत ओततात, ते करूच नका. केमिकल आधी सीटवर वेगळं मारायचं, ऑल पर्पज क्लीनर असेल तर १:१० च्या आसपास पातळ करून, पाच मिनिटं मुरू द्यायचं पण वाळू द्यायचं नाही, मऊ ब्रशनं फिरवायचं, आणि मशीनच्या टाकीत फक्त साधं कोमट पाणी. धागा शाम्पूनं चिकट राहिला की आठ दिवसात सीट पहिल्यापेक्षा काळी. हीटरचा प्रश्न इथंच सुटला, घरनं गरम पाण्याचा कॅन न्यायचा, कोमट झालं की ओतायचं, उकळतं मात्र ओतू नका, पंपाची आणि पाइपाची वाट लागते.

डोंबिवलीची_स्विफ्ट

मध्येच विचारते, धंद्यासाठी नाही. मुलाने मागच्या सीटवर दूध सांडलं त्याला महिना झाला, एसी लावला की वास येतो. एकाच गाडीसाठी असं मशीन घेण्यात अर्थ आहे का? आणि ते स्टीमचं मशीन मिळतं त्याने जाईल का?

जुगाडू_नागपूर

ताई, एका गाडीसाठी मशीन नका घेऊ, कुणाकडून तरी एकदा करून घ्या. स्टीम तर मुळीच नको. दूध, अंडं, उलटी, यावर गरम वाफ मारली की प्रोटीन धाग्यात पक्कं बसते. थंड पाणी आणि एन्झाइमवालं क्लीनर, ते ओलं असतानाच काम करते म्हणून वर ओला कपडा झाकून ठेवायचा, मग ओढून घ्यायचं. दूध सीटच्या फोममध्ये गेलं असेल तर एकदा करून वास पूर्ण जाईलच असं नाही. सीटचा खालचा भाग काढून त्याच्याखाली पत्र्यावर पण बघा, बरेचदा ते तिथं साचलेलं असते.

सावर्डे_चिपळूण

आमच्याकडचा अनुभव जरा वेगळा म्हणून लिहितो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर गाड्यांची आतली कामं आमच्या गॅरेजात इतकी आली की श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पुरातली किंवा सीटपर्यंत पाणी चढलेली गाडी कुणी आणली तर एक्स्ट्रॅक्टर वरवर फिरवून देऊ नका. मॅटिंगच्या खाली जाड नमदा असतो तो पाणी धरून ठेवतो, वरून कापड कोरडं लागतं आणि खाली पत्रा गंजत असतो. सीटा खोलून, मॅटिंग उचलून, नमदा बाहेर काढून वाळवणे हाच मार्ग. सीटा खोलताना खाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅग किंवा बेल्टच्या प्रीटेन्शनरचा (धडक बसली की बेल्ट आवळणारा भाग), बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि जमत नसेल तर मेकॅनिककडून खोलून घ्यायचा.

नेहमीच्या कामातपण पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला साइड एअरबॅग असेल तिथे पाणी कमी मारा. छताचं कापड तर एक्स्ट्रॅक्टरला दाखवूसुद्धा नका, ते पातळ फोमवर चिकटवलेलं असतं, ओलं करून ओढलंत की गोंद सुटतो आणि गाडीत मांडव लोंबतो. छिद्रवाल्या हवेशीर सीटा आणि लेदरेट, त्यांना ओला कपडाच पुरे.

आणि वाळवण्याचं बोलतच नाही कुणी. आमच्याकडे पावसात चारही दारं उघडून ठेवली तर बाहेरची दमट हवा आत येते, गाडी वाळायच्या ऐवजी ओली होते. पावसात काचा बंद, गाडी उघड्यावर, एसी चालू, ब्लोअर फुल, एसी हवेतलं पाणी काढतो आणि ते खालच्या नळीतून टपकताना दिसतं. बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धूर कोंडतो. उन्हाळ्यात दारं उघडी आणि एक जमिनीवरचा ब्लोअर, मॅटिंगकडे तोंड करून.

चकाचक_वाकड

अरे वा, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. म्हणजे मावसभावाचं मशीन रद्द, हीटर रद्द. पुझी आणि वेट-ड्राय यात अजून अडकलोय. अजून एक, आमच्या इथे बहुतेक सोसायट्यांमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी आहे, ते मशीनमध्ये चालेल का? एक काका म्हणाले आरओचं वाया जाणारं पाणी देतो, बादल्या भरून ठेवलेल्या असतात.

रंकाळा_डिटेलिंग

काकांना नमस्कार सांग आणि ते पाणी फरशीला वापरायला सांग. आरओ जे क्षार काढतंय ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच जातात, ते बोअरपेक्षा जड. काळ्या सीटवर वाळल्यावर पांढरी कड दिसते आणि मशीनचं स्प्रे नोझल चोंदतं, फवारा पंख्यासारखा पडायच्या ऐवजी एका बाजूला पिचकारी मारतंय. नळाचं पाणी घरनं कॅनमधनं ने. कधी चोंदलंच तर सायट्रिक अॅसिडच्या पातळ पाण्यात नोझलचं टोक भिजत ठेव, सुई घालू नकोस, भोक मोठं होतंय.

आणि रोज रात्री घाण टाकी ओतून, धुऊन, झाकण उघडं ठेवून वाळव. केसांची जाळी असते तीपण काढून धू, कुत्रं असलेल्या घरची एक गाडी केलीस की कळेल. टाकी बंद ठेवून झोपलास तर दुसऱ्या दिवशी मशीनचाच वास कस्टमरच्या गाडीत.

वायरमन_ठाणे

घेण्याआधी डीलरला डेमो मागा, आणि शोरूमच्या कार्पेटवर नको, तुमच्या ओम्नीच्याच सीटवर करायला लावा, तशीही कळकट असेलच. ओढून झालं की टिश्यूपेपर सीटवर तळहाताने दाबून धरा, किती भिजतो ते बघा. वेट-ड्रायचीपण तशीच परीक्षा घ्या म्हणजे वाद मिटेल. मोटर, पंप, ओ-रिंग आणि होज सुटे मिळतात का आणि पुण्यातच मिळतात का हे तेव्हाच विचारा, ऑनलाइनवाल्या बिननावाच्या मशीनचं घोडं तिथेच पेंड खातं. जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नावाने घ्या, इनपुट क्रेडिट मिळेल.

चकाचक_वाकड

ओम्नीच्या सीटचा मान ठेवा हो थोडा. शनिवारी डीलरकडे घेऊन जातो, टिश्यूचा बॉक्स सोबत. नागपूरकर, ते वेगळं नोझल किती एमएमच्या पाइपाला बसतं तेवढं सांगा, माझ्या जुन्या व्हॅक्यूमला लावून आधी तेच करून बघतो.

जुगाडू_नागपूर

बहुतेक ३२ किंवा ३५ एमएमचे येतात, पण कंपनीगणिक थोडा फरक असते. पाइपाचं बाहेरचं माप घ्या, आतलं नाही. आणि आधी हे बघा की तुमचं जुनं व्हॅक्यूम ओलं ओढणारं आहे का, नुसतं कोरडं असेल तर पाण्याजवळ नेऊच नका.